परके वाद्य आणि आपली विद्या

‘मला गिटार शिकावयाची आहे’ असे मुलाने घरी म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. तोच मुलगा पेटी, तबला किंवा सतार शिकू म्हणेल तर तीच मंडळी चारचौघांत त्याचे कौतुक करितात. उलटपक्षी, गिटार मागणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना पंधरा दिवसांत चार गाणी बसवून स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवाव्यात, याहून अधिक काही हवे असते असेही दिसत नाही. आमच्या मते या प्रकरणी दोन्ही पक्ष चुकत आहेत. आणि दोघांच्याही चुकीचे उत्तर एकाच कलावंताच्या चरित्रात सापडण्यासारखे आहे. ते कलावंत म्हणजे गिटारवादक पंडित ब्रिजभूषण काबरा होत.

काबरा यांचा जन्म १९३७ साली जोधपूर येथे झाला. वडील गोवर्धनलाल हे संगीताचे जाणते रसिक. वडील बंधू दामोदरलाल हे सरोदवादक व उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. खाँसाहेब काही वर्षे जोधपूरच्या दरबारी गायक-वादकांत होते, त्यामुळे या घरास थोर विद्येचा सहवास अनायासे लाभला होता. परंतु ब्रिजभूषण स्वतः प्रथम संगीताकडे वळले नाहीत. ते खेळात रमणारे तरुण होते आणि पुढे त्यांनी भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. कलकत्त्यास गेले असता त्यांना हवाईयन गिटार भेटली आणि तिच्या नादाने त्यांचे मन वेधून घेतले.

पुत्राने ही आवड घरी सांगितली तेव्हा वडिलांपुढे दोन सोपे मार्ग होते. ‘असले विलायती खूळ नको’ म्हणून ते नकार देऊ शकत होते. किंवा ‘करू दे, चार दिवसांची हौस आहे’ म्हणून दुर्लक्ष करू शकत होते. त्यांनी यांपैकी एकही मार्ग धरला नाही. त्यांनी अनुज्ञा दिली. मात्र या वाद्यावर केवळ भारतीय शास्त्रीय संगीतच वाजवावयाचे, असे वचन मुलाकडून घेतले. आमच्या पालकवर्गाने या अटीचा थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. नकाराने मुलाची आवड मेली असती. निव्वळ मोकळिकीने ती उथळ राहिली असती. अटीने मात्र तिला वळण लागले.

हे वचन पाळणे किती अवघड होते, हे समजण्यासाठी वाद्याची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. साधी गिटार छातीशी धरून वाजवितात व तिच्या पडद्यांवर बोटांनी तारा दाबतात. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवितात, तिच्या तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात, आणि डाव्या हातातील पोलादी कांब त्या तारांवरून सरकवीत स्वर काढितात. ही युक्ती प्रसिद्धीस आणण्याचे श्रेय हवाई बेटांतील जोसेफ केकुकु यास देतात. तो सुमारे १८८९ साली होनोलुलू येथील कामेहामेहा शाळेत शिकत होता. एका शाळकरी मुलाने फावल्या वेळी केलेली खटपट जगभर पसरली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता, सरकत्या कांबेमुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते. म्हणजेच आपल्या संगीताचा प्राण जी मींड, ती या वाद्यावर सहज निघते. आपल्याकडील विचित्र वीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् ही वाद्येही याच तत्त्वावर वाजतात. तेव्हा ही रीत आपणांस सर्वस्वी नवी नव्हे. परंतु जितकी सोय तितकाच धोका. पडद्याचा आधार नसल्यामुळे कांब केसभर इकडेतिकडे झाली तरी स्वर बेसूर होतो. हाताला वाट दाखविण्यास कानाखेरीज कोणी नाही. द्रुत तानांत तर एकच कांब तारांवर धावत असते. चार बोटांनी होणारे काम तिला एकटीलाच करावे लागते. शिवाय गिटारीवर राग कसा मांडावा हे सांगणारी रुळलेली परंपरा त्या काळी नव्हती. सरोद व गायन यांची तालीम घ्यावयाची आणि ती आपल्या वाद्यावर स्वतःच उतरवावयाची, असा हा प्रवास होता. काबरा यांनी प्रथम बंधूंकडून व पुढे खाँसाहेबांकडून विद्या घेतली. त्यांनी अमेरिकन बनावटीच्या गिब्सन गिटारीच्या तारा उंच करून घेतल्या, तीवर सतत षड्ज देणारी तार बसविली आणि ते जमिनीवर बैठक मारून ती वाजवू लागले. वाद्यास त्यांनी आपल्या विद्येसाठी वाकविले, विद्येस वाद्यासाठी वाकविले नाही.

येथे कोणी म्हणेल की परक्या वाद्यांनी आपले संगीत बिघडते, हे आमच्या जाणत्यांचे म्हणणे उगाच का? नव्हे, ते उगाच नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्यामागे केवळ परदेशद्वेष नव्हता. पेटीचे स्वर ठरीव असतात, तीवर मींड निघत नाही, सूक्ष्म श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप वाजवी होता. परंतु हाच आक्षेप नीट पाहिला तर तो वाद्याच्या जन्मभूमीवर नसून त्याच्या सामर्थ्यावर आहे. व्हायोलिन तर युरोपातूनच आले. तरी ते दक्षिणेत घरोघर रुजले, आणि आपल्याकडे गजाननबुवा जोशी व व्ही. जी. जोग यांनी त्यास मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. तेव्हा प्रश्न ‘हे वाद्य कोठून आले?’ हा नसून ‘हे वाद्य आपल्या रागाचा भार पेलू शकते काय, आणि वाजविणारा तो पेलण्यास सिद्ध आहे काय?’ हा आहे. मांडीवरील गिटार पहिल्या प्रश्नास उतरते. दुसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने द्यावयाचे असते.

१९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, निरनिराळ्या रागांतून उभा करावा अशी तिची कल्पना. काबरा यांच्या जोडीस संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. हे काम हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत ज्यांच्या हातून झाले ते जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. या मेळ्यात तिन्ही मुख्य वाद्ये एका काळी मैफलीच्या दाराबाहेरची होती. संतूर काश्मीरातील सूफियाना गायनाच्या साथीचे, बासरी गुराख्याची आणि गिटार तर समुद्रापलीकडची! तरी ही मुद्रिका देशात व परदेशात अमाप खपली, आणि रागसंगीताशी ओळख नसलेल्या असंख्य श्रोत्यांना तिने त्याची गोडी लाविली. परंपरा मोडण्याचा ज्यांच्यावर संशय घ्यावा, त्यांनीच ती दूरवर पोहोचविली.

काबरा २०१८ साली निवर्तले. त्यांचे शिष्य देबाशीष भट्टाचार्य यांनी हीच वाट पुढे नेली असून गिटारीचे स्वतःचे नवे प्रकारही घडविले आहेत. रविशंकरांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीस ‘मोहनवीणा’ हे रूप दिले आणि १९९४ साली अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळविले. एका माणसाने पाळलेल्या वचनाने जी वाट मोकळी झाली, तीवरून आता पुष्कळ जण चालत आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचे सांगणे एवढेच की गिटार अवश्य मागा, पण तिच्याबरोबर गुरू मागा आणि रियाजाची वर्षे मोजण्याची तयारी ठेवा. टाळ्या पंधरा दिवसांत मिळतात. स्वर मिळण्यास तप लागते. पालकांस आमची विनंती अशी की वाद्याचे कूळ विचारू नका. मुलगा ते कोणापाशी, किती निष्ठेने आणि कशासाठी शिकणार, हे विचारा. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीस तर हा विचार नवखा वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन उपासनेत आणिले, तेव्हा जुन्या चालीस नवा आशय लाभला आणि दोहोंचेही तेज वाढले. काबरा यांनी नव्या वाद्यास जुना आशय दिला. दिशा उलट, परंतु निष्ठा तीच.

धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण उपासनेच्या तासास अनेकदा ऐकिला आहे. त्या चाकराने द्रव्य गमाविले नव्हते. त्याने ते जसेच्या तसे परत केले. तरीही धनी त्याजवर रुष्ट झाला. पूर्वजांनी आपल्या हाती दिलेली विद्या भीतीने पुरून ठेवणे म्हणजे तिचे रक्षण करणे नव्हे. ती नव्या हातांत, नव्या तारांवर, परंतु पूर्ण प्रामाणिकपणाने चालविली तरच ती वाढीस लागते. उद्या एखादा मुलगा पोलादी कांब हाती घेऊन आमच्या सभागृहात भूप आळवील, तर आम्ही त्यास पहिल्या रांगेत बसून ऐकू. आणि त्याचे वडील आमच्या शेजारी बसलेले असावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.