खेड्याला डॉक्टर कोण देणार?

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत किंवा मेळघाटात तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन निघालेल्या आईला कागदावरच्या आरोग्ययोजनांशी काही कर्तव्य नसते. घरादाराची प्रकृती ठाऊक असलेला एक डॉक्टर हाताशी असावा, एवढीच तिची अपेक्षा. शहरी मध्यमवर्ग ज्याला ‘फॅमिली डॉक्टर’ म्हणतो, तो ग्रामीण श्रमिकाच्या वाट्याला क्वचितच आला.

ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली मांडले. सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागांत २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकषही आहे. निकष आहे, इमारत आहे; डॉक्टरची खुर्ची मात्र अनेकदा रिकामी असते.

याचे खापर केवळ तरुण डॉक्टरांच्या स्वार्थावर फोडून चालणार नाही. बाजार गरज ओळखत नाही, क्रयशक्ती ओळखतो. वेल्समधील खाणकामगारांच्या गावी डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली हाच नियम मांडला : जेथे आजार अधिक, तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि बाजाराला मोकळीक मिळेल तसतशी ही विषमता वाढते. लाखो रुपये भरून पदवी मिळविणारा ते वसूल करण्यास शहराकडे वळणारच. शासकीय महाविद्यालयांतील पदवीधरांवर वर्षभराच्या सेवेचे बंधन आहे. पण दंड भरून त्यातून सुटता येत असेल, तर ते बंधन उरते फक्त गरिबाच्या मुलाला!

१९७७ साली जनता सरकारने गावोगावी आरोग्यसेवक नेमले. २००५ नंतर आशा सेविका आल्या. त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी स्त्री हा डॉक्टरला पर्याय मानणे म्हणजे गरिबांसाठी दुय्यम सेवा मान्य करणे होय.

२०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे आश्वासन २०१७ च्या धोरणाने दिले होते. मुदत उलटली, उद्दिष्ट दूरच राहिले. कायम पदे, राहण्याजोगे घर, ग्रामीण सेवेनंतर पदव्युत्तर प्रवेशात प्राधान्य आणि नेमून दिलेल्या कुटुंबांची जबाबदारी, या मागण्या खर्चावाचून पुऱ्या होणार नाहीत.

कार्यकर्त्यांनीही इमारतीच्या उद्घाटनावर समाधान मानू नये. गेल्या महिन्यात डॉक्टर किती दिवस हजर होते, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. आरोग्य हा हक्क आहे, हे गावाला तेथूनच उमगू लागेल.