नावावर जाऊ नका, नंबर पाहा

मागच्या महिन्यात आमच्या पुतण्याची टॅक्सी तीन दिवस उभी राहिली. गाडी वॅगन-आर, २०१९ ची, सी.एन.जी.वर चालणारी. इंजिन तापू लागले म्हणून मिस्त्रींनी शनिवारी संध्याकाळी हेड उघडले आणि दुकानदाराला फोन केला, "वॅगन-आर, २०१९, हेड गॅस्केट पाठवा." पाकीट आले. फोडून पाहतात तो गॅस्केट चार सिलिंडरच्या इंजिनाची, आणि गाडीचे इंजिन तीन सिलिंडरचे! रविवारी दुकान बंद. सोमवारी दुकानदार म्हणाला, "फोडलेले पाकीट परत घेत नाही." दुसरी गॅस्केट मागवून गाडी सुरू होईपर्यंत मंगळवार मावळला. तीन दिवसांची कमाई बुडाली, गॅस्केटचे पैसे गेले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

त्या रात्री पुतणीने गाडीचे आर.सी. हातात घेतले आणि म्हणाली, "काका, यात तर लिहिलंय." खरेच, ९९८ सी.सी., सिलिंडर ३ असे स्वच्छ छापले होते. कागद गाडीतच होता, वाचला कोणी नाही. आम्हीही त्यातलेच. शनिवारी गॅरेजात चहा पीत आम्ही तिथेच उभे होतो.

वाचकहो, यात मिस्त्रींना नावे ठेवण्याचे कारण नाही. पद्मिनी टॅक्सीच्या काळात गाडीत वर्षानुवर्षे फारसा बदल होत नसे. कोणता भाग लागेल हे मिस्त्री डोळे मिटून सांगत. ती काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आजच्या गाड्यांचे तसे नाही. जानेवारी २०१९ मध्ये जी नवी वॅगन-आर आली, तिच्यात दोन इंजिने होती. एक ९९८ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. दुसरे ११९७ सी.सी.चे, चार सिलिंडरचे. २०२२ मध्ये या दोन्हींच्या जागी नव्या धाटणीची इंजिने आली. नाव मात्र तेच राहिले.

आम्ही कारकून माणूस. आमच्या कचेरीत एकाच नावाची तीन-तीन माणसे असतात. नाव पाहून रक्कम जमा केली तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. म्हणून आम्ही खाते क्रमांक पाहतो. गाडीच्या भागाचेही तसेच आहे. त्याचा खाते क्रमांक म्हणजे पार्ट नंबर.

हा नंबर आता घरबसल्या मोबाईलवर सापडतो. गाड्या बनवणाऱ्या आणि सुटे भाग विकणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग इंटरनेटवर आहेत. कुठे चेसिस नंबर टाकायचा असतो, तर कुठे मॉडेल, इंधन, इंजिन आणि उत्पादनाचे साल निवडायचे असते. ही सगळी माहिती आर.सी.वर मिळते. साल पाहताना गाडी नोंदवली ते नव्हे, बनली ते पाहावे. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीतही नोंदली जाते.

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत. म्हणून ओ वाटला तर तो शून्य समजावा, आय वाटला तर एक.

कॅटलॉगमध्ये भाग सुटे करून मांडल्यासारखे चित्र असते. प्रत्येक भागाला आकडा असतो, आणि त्या आकड्यासमोर पार्ट नंबर व तो भाग गाडीत किती लागतो हे दिलेले असते. डावे-उजवे ठरवताना चालकाच्या जागेवर पुढे तोंड करून बसल्याचे धरावे; गाडीसमोर उभे राहून ठरवले तर उलटे होते. कधी जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा दिलेला असतो. तेव्हा पाकिटावर वेगळा नंबर दिसला म्हणून लगेच भाग चुकीचा समजू नये. कॅटलॉगमध्ये ताडून पाहावे.

दुकानात जाताना नंबर कागदावर लिहून न्यावा. शक्य असल्यास जुना भागही सोबत न्यावा. पाकीट फोडण्याआधी त्यावरचा नंबर, कंपनीचे नाव आणि छापील कमाल किंमत पाहावी. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर पार्ट नंबर लिहून घ्यावा. त्यामुळे पुढे वाद झाला तर आपल्या हातात कागद राहतो. भाग बसवण्याचे काम मात्र मिस्त्रींचेच, विशेषतः ब्रेक आणि स्टिअरिंगचे. आपण नंबर द्यावा, हात त्यांचा असावा.

आमच्या पुतणीने आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. पुढे ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांचे पार्ट नंबर आणि कधी काय बदलले त्याची तारीख. पुतण्या ती गाडीतच ठेवतो. परवा मिस्त्रींनी स्वतःच ती मागून घेतली आणि वहीतला नंबर वाचून दुकानात फोन केला.

ज्यांच्या घरी टॅक्सी, टेम्पो किंवा रिक्षा आहे, त्यांनी शिकणाऱ्या मुलामुलींना या रविवारी हे काम सांगावे. एक वही आणि तासाभराचा वेळ पुरेल.