बदलीची नोकरी आणि भाड्याची भिंत

गेल्या पाडव्याला तंजावरातील पाचदहा मराठी कुटुंबे एकत्र जमली असता, वयाने व हुद्द्याने आमच्याहून बरेच मोठे असलेल्या एका गृहस्थांची दृष्टी आमच्या हातांवर गेली. चुन्याने सोललेली कातडी, नखांत विटांची भुकटी, मनगटावर भाजल्याचा डाग. हकीकत कळल्यावर ते सर्वांदेखत म्हणाले, "अहो, घर तुमचे नव्हे, गाव तुमचे नव्हे, आणि दोन-तीन वर्षांत तुमची बदली ठरलेली. पदवीधर माणसाने सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या भिंती लिंपीत बसायचे, हे काय खूळ?" मंडळी हसली. आमच्या तोंडात पुरणपोळी होती, म्हणून आम्हीही हसलो. त्या वेळी राहिलेले उत्तर येथे देत आहोत. ते त्या एका सज्जनांस नाही. महाराष्ट्राबाहेर सरकारी नोकरीवर असलेल्या आम्हां सर्वांची जी एक वृत्ती त्यांच्या मुखातून बोलली, तिच्याशी आमचे भांडण आहे.

प्रथम प्रकरण काय ते सांगितले पाहिजे. राजवाड्याच्या मागील अंगास एका गल्लीत आम्ही भाड्याने राहतो. पुढे ओटा (येथे त्यास तिण्णै म्हणतात), आत लाकडी खांबांचा चौक, चौकावर चारी बाजूंनी उतरत्या कौलांचे छप्पर, मागे विहीर. माडीवर जुन्या पद्धतीची गच्ची आहे. सागवानी तुळयांवर लहान पातळ विटा कडेवर उभ्या करून तिरक्या ओळींनी चुन्यात बसवायच्या, वर वीटतुकडे व चुना यांचा थर पसरून तो लाकडी फळ्यांनी दिवसचे दिवस धोपटायचा, आणि त्यावर चपट्या विटांचे थर द्यायचे, अशी ती रीत. मद्रास टेरेस या नावाने ती ओळखली जाते. घराच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्ही त्यांना आजी म्हणतो. त्यांचे मराठी पिढ्यान्‌पिढ्या येथे तमिळच्या सहवासात वाढलेले आहे. पहिला महिनाभर त्यांना आमचे व आम्हांला त्यांचे बोलणे निम्मेच कळे.

ईशान्य मोसमी पावसाने मागल्या कार्तिकात या घराचा समाचार घेतला. माडी गळू लागली, चौकाकडील भिंतीचा गिलावा पोत्याएवढ्या तुकड्यांनी खाली आला, एका वाशात वाळवी निघाली. परगावी असलेल्या मुलांनी कंत्राटदार पाठवला. त्याने अर्ध्या तासात निकाल दिला: दुरुस्तीत अर्थ नाही, पाडा, चार मजले उठवा. आजी काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यापुढे एक बोलणे ठेवले. सामानाचा खर्च भाड्यातून वळता करावा, मजुरी आमची. मुलांनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली. आमच्यासह पाचजण जमले: टपाल खात्यातले एक सोलापूरकर, रेल्वेतले एक, बँकेतले एक, आणि शेजारचे एक तमिळ शाळामास्तर. उस्ताद म्हणून लाभले एक वृद्ध कोत्तनार, म्हणजे गवंडी. त्यांची मजुरी मात्र आम्ही रोख मोजली. हातातले कसब फुकट मागण्याचा अधिकार मैत्रीलाही नाही.

कोत्तनारांनी प्रथम भिंतीस बोट लावले आणि मान हलवली. पूर्वी कोणा शहाण्याने भिंतीच्या खालच्या तीन फुटांस सिमेंटचा गिलावा केला होता. जुन्या भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते व चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत निघून जाते. सिमेंटने ती वाट बुजवली. पाणी आणखी वर चढले, त्यातले क्षार गिलाव्यामागे साकळले, आणि भक्कम वीट आतल्या आत पीठ होत गेली. जी भिंत म्हातारपणाने पडली असे कंत्राटदार सांगत होता, ती वस्तुतः दुरुस्तीनेच मारली होती! आम्ही ते सिमेंट छिन्नीने उतरवले. त्यातच तीन रविवार गेले.

मग चुना. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, चाळायचा, रांजणात पाण्याखाली मुरवायचा, त्यात वाळू व विटांची सुरखी मिसळून घोटायचा. पाण्यात हिरडा भिजवलेला, गूळ विरघळवलेला. पहिल्याच दिवशी आम्ही मुकादमीच्या उत्साहात चुन्यावर घागरभर पाणी एकदम ओतले. चुना उसळला आणि मनगट भाजले. चुना पाण्यात घालायचा असतो, पाणी चुन्यावर नव्हे, हे कोत्तनारांनी ज्या तमिळ शब्दांत समजावले, त्यांचे भाषांतर मास्तरांनी सौजन्याने टाळले. गिलावा चढल्यावर ओली पोती लावून तो सावकाश सुकू द्यावा लागतो, कारण चुना हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्याला त्या कामाची घाई नसते. आमच्या कार्यालयातल्या प्रकरणांनाही ती नसते. पण तेथे शेवटी दगड तरी बनतो की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आता "शोभते काय" या प्रश्नाकडे वळू. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी इर्जिक घातली आणि सावडीने शेते लावली, त्यांना हा प्रश्न सुचावा याचेच आम्हांला नवल वाटते. आज माझ्या शेतात सगळ्यांचे नांगर, उद्या तुझ्या शेतात; मोबदला म्हणजे पोटभर जेवण. ही रीत आपली आहे. गावोगाव घरे शाकारण्याचे कामही शेजाऱ्यांच्या हातांनी होत आले. पदवीचा कागद व ओळखपत्र मिळाले की घमेले उचलणे हलके होते, हा शोध आमच्या पिढीचा. लॉरी बेकर हे वास्तुशिल्पी १९४५ साली इंग्लंडातून भारतात आले आणि पुढे केरळात त्यांनी साध्या विटांची व चुन्याची शेकडो घरे उभी केली. गवंड्याशेजारी उभे राहून काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्या कारकुनी प्रतिष्ठेला तेवढा मोठा तडा जावा, एवढी ती नाजूक आहे काय?

दुसरी तक्रार आमचीच मंडळी नेहमी करतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याला राजवाड्यात न्यायचे, दरबार महालात उसासा टाकायचा, सरस्वती महालात मोडी कागदांचा उल्लेख करायचा, मोठ्या देवळातील १८०३ चा मराठी शिलालेख दाखवायचा, आणि परततांना रिक्षात म्हणायचे, "पाहा, या लोकांनी आपल्या वैभवाचे काय केले!" कोणते लोक? मोठे देऊळ १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्याला राखणदार आहेत. सरस्वती महाल १९१८ पासून सर्वांस खुला आहे आणि त्यातला मराठी कागद तमिळ प्रदेशातच जपला गेला आहे. राजवाडा तरी निव्वळ आपला कोठे? त्याचा पाया नायकांचा, वरची भर भोसल्यांची. राखणदार नाही तो आजींच्या भिंतीला. ती पडली तर कोणत्याही यादीतून एक ओळ कमी होणार नाही. आणि तीवर चुना कसा चढवायचा हे ज्या एका माणसाला ठाऊक होते, तो तमिळ होता. आम्हां चार मराठ्यांपैकी एकालाही करणी धरता येत नव्हती. अभिमानाचा ताळेबंद मांडायचाच, तर ही नोंदही खर्ची पडली पाहिजे.

आम्ही सिमेंटचे शत्रू आहोत असा कोणी ग्रह करून घेऊ नये. न्हाणीघरास आम्ही सिमेंटच वापरले. वाळवी लागलेला वासा बदलण्यास सुतार आणला, विजेच्या तारांना परवानाधारक माणूस. मित्रांच्या हौसेने तुळई तोलली जात नाही, हे एकदा ती हातभर सरकल्यावर आम्हांस नीट उमगले. गच्चीचा एक कोपरा अद्याप पाझरतो. तो पुन्हा उकलावा लागेल. आणि एवढे करूनही मुले उद्या घर विकणार नाहीत, असे वचन आमच्याजवळ नाही. त्यांच्या अडचणी त्यांच्या ठायी खऱ्या आहेत. दूर राहून जुने घर सांभाळणे किती जड असते, हे घर सोडून आलेल्या आम्हीच त्यांना शिकवू नये.

राहिला बदलीचा मुद्दा, आणि सगळे पाणी येथेच मुरते आहे. बदलीची नोकरी आहे म्हणून आम्ही खिळा ठोकत नाही, झाड लावत नाही, गावची भाषा शिकत नाही, शेजाऱ्याचे नाव विचारत नाही. खोकी पूर्ण सोडतसुद्धा नाही! बावीस-तेवीस वर्षांचे असताना नोकरीस लागतो, साठीला निवृत्त होतो, आणि मधली सदतीस वर्षे आपण कोठेच राहत नव्हतो असे समजतो. व्यंकोजीराजे सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात या मुलखात आले ते विजापूरच्या आदिलशाहीचे चाकर म्हणून, मोहिमेवर. म्हणजे तेही नेमणुकीवरच आले होते म्हणायचे. त्यांनी राज्य घेतले ते कोणत्या रीतीने, हा निराळा विषय आहे, आणि त्याचे अनुकरण सेवानियमांत बसणार नाही. पण त्यांच्या वंशाने पुढे १८५५ पर्यंत येथे घरे बांधली, ग्रंथ जमवले, तमिळ व तेलुगू कानांनी ऐकली. परत जायचे आहे म्हणून भिंत अर्धी सोडली नाही.

आमच्या बदलीचा हुकूम गेल्या आठवड्यात हाती आला. श्रावणाआधी जावे लागेल. आमच्या जागी येणारे गृहस्थ विदर्भातले आहेत असे कळते. आजींनी त्यांना घर देण्याचे कबूल केले आहे. सोलापूरकर, मास्तर व कोत्तनार येथेच आहेत. त्या गृहस्थांच्या हाती हा अंक पडल्यास त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. विहिरीजवळच्या रांजणात मुरलेला चुना ठेवला आहे. त्यावर चार बोटे पाणी नेहमी राहू द्यावे, म्हणजे तो बिघडत नाही. पाझरणारा कोपरा माडीच्या नैर्ऋत्येस आहे, आणि तो पावसाच्या आत, ऐप्पसी महिना लागण्यापूर्वी, उकलला पाहिजे.