स्वातंत्र्य मिळाले, आता दोष कुणाला द्यायचा?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत जे भाषण केले, त्यातला एक भाग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. राजकारणात समता आणि समाजात विषमता, या विसंगतीबद्दलचा. त्याच भाषणात आणखी एक गोष्ट आहे, जी जयंतीच्या व्यासपीठावरून सहसा ऐकू येत नाही. स्वातंत्र्य आल्यामुळे, काही बिघडले तर इंग्रजांवर ढकलायची सोय संपली, यापुढे जे वाईट घडेल त्याला आपणच जबाबदार असू, असे बाबासाहेबांनी बजावले होते. पहिला भाग आपण आवडीने सांगतो, कारण त्यात बोट व्यवस्थेकडे जाते. दुसऱ्या भागात तेच बोट आपल्याकडे वळते.

आमच्या शाहूवाडी तालुक्यात या इशाऱ्याची कसोटी १४ जुलै २०२४ रोजी लागली. विशाळगडावरची अतिक्रमणे काढा, या मागणीसाठी लोक जमले होते. त्या जमावाने गडाखालच्या गजापूरमधल्या मुसलमानवाडीवर हल्ला केला. मशिदीची तोडफोड झाली, घरे फोडली, गाड्यांची नासधूस झाली. हे सगळे शिवरायांच्या गडाचे नाव घेऊन झाले. राज्य आपले, पोलीस आपले, न्यायालय आपले, संविधान आपले. मग दोष कुणाला द्यायचा?

अतिक्रमणाचा प्रश्न खोटा होता, असे मी म्हणत नाही. विशाळगड हे संरक्षित स्मारक आहे. तिथली बेकायदा बांधकामे निघाली पाहिजेत, मग ती कुठल्याही धर्माच्या माणसाची असोत. पण प्रकरण न्यायालयात होते. जिथे सनदशीर मार्ग खुला आहे तिथे तो सोडून रस्त्यावरचा मार्ग धरणे म्हणजे अराजकाचे व्याकरण, हेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितले होते. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने गडावर पाडकाम सुरू केले. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाला ते भर पावसाळ्यात चालल्याबद्दल सरकारला फटकारून थांबवावे लागले. आणि मुख्य मुद्दा असा की गजापूर गडावर नाही. गडावरच्या अतिक्रमणाचा राग गडाखालच्या घरावर काढला जातो, तेव्हा तो राग अतिक्रमणावरचा नसतो.

ज्या इतिहासाच्या नावाने हे झाले, तोही नीट वाचायला हवा. १३ जुलै १६६० रोजी याच गजापूरच्या खिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे पडले. त्याच मोहिमेत शिवा काशीद या नाभिक समाजातल्या माणसाने महाराजांचे सोंग घेऊन मरण पत्करले. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह लढले. आणि महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोहोचले, तेव्हा आदिलशाहीच्या बाजूने वाट अडवून कोण उभे होते? शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी. म्हणजे महाराजांसाठी लढणाऱ्यांत मुसलमान होते आणि त्यांची वाट अडवणाऱ्यांत मराठा सरदार. या लढाईला हिंदू विरुद्ध मुसलमान असा रंग द्यायचा असेल, तर निम्मी माणसे पुसावी लागतील. मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावू नये, असा महाराजांचा दंडक होता, ही नोंद तर खाफीखानाची आहे. तो मोगलांचा इतिहासकार, महाराजांचा द्वेष करणारा. शत्रूला जे नोंदवावे लागले, ते आजच्या भक्ताला आठवत नाही.

आता श्रद्धेकडे येऊ. १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम काय करायचे ते सांगतो. माणूस सांगितलेले करतो आणि मोकळा होतो. तत्त्व विचार करायला लावते, म्हणून त्यातून केलेल्या कृतीची जबाबदारी माणसावर येते. धर्म नुसत्या नियमांचा झाला की ही जबाबदारी मरते, आणि जबाबदारीशिवायचे कृत्य धार्मिक नसते. गजापूरला हेच दिसले. कुणीतरी हाक दिली, कुणी गाडी केली, कुणी दगड उचलला. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला आणि जबाबदारी मात्र कुणाचीच राहिली नाही. देशभक्तीचेही असेच होते. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा म्हणूनच दिला गेला होता.

मग देशभक्ती म्हणजे काय? त्याची व्याख्या कुणा सेनेकडून घ्यायची गरज नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ५१ क उघडा. धर्म, भाषा, प्रांत यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवणे, संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे, सार्वजनिक मालमत्ता सांभाळणे आणि हिंसाचाराचा त्याग करणे, ही नागरिकाची मूलभूत कर्तव्ये आहेत. गड जपणे हे कर्तव्य आहेच. त्या गडावरच्या मलिक रेहान दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही जात आले, तो वारसाही त्याच कलमात बसतो. आणि बंधुत्वाचा प्रश्न निघाला की बाबासाहेब थेट जातीवर येतात. जाती देशविरोधी आहेत, असे त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट म्हटले. गावातला पाणवठा आणि स्मशान वेगळे ठेवून जो तिरंगा फडकवतो, त्याने देशभक्तीचे प्रमाणपत्र वाटत फिरू नये.

मित्रांनो, इथवर वाचून आपल्यातले बरेच जण माना डोलावतील. म्हणून पुढचे आपल्यासाठी. गजापूरनंतर आपल्या कितीतरी ग्रुपवर एक सूर होता, ‘हे त्यांचे आणि यांचे भांडण, आपण कशाला पडा?’ वस्तीवर हल्ला झाला की आपण सगळ्यांनी धावून यावे अशी अपेक्षा करतो. ती रास्त आहे. पण शेजाऱ्याचे घर फुटताना गप्प बसणाऱ्याला ती अपेक्षा करण्याचा हक्क कितपत उरतो? धम्मात ईश्वराची जागा नीतीला आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ती नीती फक्त आपल्या वस्तीपुरती असेल, तर तो धम्म नव्हे, जात झाली. आपल्यातही नियमांचा धर्म वाढतो आहे. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, डीजेपुढे रात्रभर नाच, आणि कलम ५१ क विचारले की शांतता.

करण्यासारखे बरेच आहे. झुंडीच्या हिंसाचाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तेहसीन पूनावाला खटल्यात निर्देश दिले. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी नेमायचा आहे. आपल्या जिल्ह्यात तो कोण, त्याने आजवर काय केले, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. ज्या पोरांना दगड उचलायला नेले जाते, त्यांच्या घरी जा. नंतर कोर्टाच्या तारखा त्यांनाच खाव्या लागतात, नेणारे बाजूला राहतात. हे समाजकार्यात रोज दिसते.

आणि एक सूचना. दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. आपणही निघूया. शिवा काशीद, बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांना मानवंदना देऊ, आणि तिथून माघारी न फिरता गजापूरला जाऊ. तिथल्या लोकांबरोबर बसू, चहा घेऊ, त्यांचे काय राहिले ते ऐकू आणि लिहून घेऊ. नुकसानभरपाईचा कागद कुठे अडला आहे, ते तहसील कार्यालयात जाऊन विचारू. स्वातंत्र्याची जबाबदारी एवढ्या साध्या कामापासून सुरू होते, आणि ते काम आपल्याऐवजी करायला आता कुणी इंग्रज येणार नाही.

जय भीम! जय संविधान!