*ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल मोटारसायकलला नको*



आज पिकाचं नाही, गाडीचं बोलूया. वैरणीचा भारा, दुधाच्या किटल्या, खताचं पोतं, सगळं आपण मोटारसायकलवर लादतो. आणि ऑइल बदलायची वेळ आली की ट्रॅक्टरचं नाहीतर कारचं उरलेलं तिच्यात ओततो. ही पद्धत मला पटत नाही.

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. आपल्या मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच चेंबरमधल्या लिटरभर ऑइलात चालतात. त्याच ऑइलानं पिस्टन गुळगुळीत फिरवायचा आणि प्लेटांची पकडही सुटू द्यायची नाही. कारच्या बऱ्याच पातळ ऑइलांत पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. ती प्लेटांवर बसली की क्लच स्लिप मारतो. एक्सलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. आणि हे कळतं भारा लादून चढावर गेल्यावरच!

मीही हे केलंय. पुतण्याच्या कारचं ऑइल फुकट मिळालं म्हणून भरलं. शेवटी प्लेटा बदलल्या, ऑइल परत विकत घेतलं, ऐन तोडणीत दिवस मोडला तो वेगळाच.

"ट्रॅक्टरचं ऑइल घालतोय, काय झालं नाही," असं म्हणणारे भेटतील. खरंही असेल. डिझेलच्या ऑइलात ती रसायनं बहुधा नसतात, म्हणून क्लच लगेच तक्रार करत नाही. पण ते बनवलंय डिझेलच्या काजळीसाठी, आणि बहुतेक १५डब्ल्यू-४० असतं. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. मग जाड ऑइल कशाला?

हुपरीत कस बघितल्याशिवाय कोण चांदी घेत नाही, ऑइल मात्र आपण रंग आणि भाव बघून घेतो. डब्याच्या मागं *जासो एमए* किंवा *एमए२* छापलंय का बघा. *एमबी* असेल तर ते स्कूटरचं, तिचा क्लच ऑइलात नसतो. जाडी गाडीच्या पुस्तकात असेल तीच घ्या. एवढं जुळलं की कंपनी कुठलीही चालेल, महागातलीच पाहिजे असं काही नाही.

चुकीचं ऑइल आधीच घातलं असेल तर आजच काढून योग्य भरा. प्लेटा जळल्या नसतील तर पकड बहुधा परत येते. काढलेलं ऑइल पाटात ओतू नका, गॅरेजवाल्याकडं द्या.