गाडी आजोबांची, आरसी कुणाच्या नावावर?

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक ताडपत्रीखालची गाडी असते. टायर बसलेले, बोनेटवर मांजर झोपलेलं. ‘कुणाची आहे हो?’ असं विचारलं की घरोघरी उत्तर एकच, ‘आमचीच!’ दोस्तहो, आजचा विषय हा ‘आमचीच’. कारण हा शब्द घरात चालतो, आरटीओच्या खिडकीवर अजिबात चालत नाही.

आमच्या घरची ‘आमचीच’ म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. २००९ मध्ये आजोबा गेले आणि गाडी होती तिथेच उभी राहिली. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि माझ्या चुलतभावाला प्रेमाचं भरतं आलं. मेकॅनिक आला, कार्बोरेटर साफ झाला, नवी बॅटरी बसली आणि बाईसाहेब चक्क सुरू झाल्या! इन्स्टावर फोटोही पडले. लोचा एकच. आरसी बुक कुठेच सापडेना.

ॲपवर नंबर टाकला तर रेकॉर्डच नाही. यात नवल नाही म्हणा. आपले ओळखीचे ‘एमएच’वाले नंबर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आले. त्याआधीच्या गाड्यांच्या नोंदी जाडजूड रजिस्टरांत. ज्या नोंदी कुणी कॉम्प्युटरवर चढवल्याच नाहीत, त्या ॲपला दिसणार कशा?

मास कॉमला आम्हाला पाच ‘डब्ल्यू’ घोकायला लावले होते : कोण, काय, कधी, कुठे, का. खिडकीमागच्या क्लार्कला त्यातला एकच हवा होता. “मालक कोण?” मी म्हटलं, “आजोबा, पण ते नाहीत आता.” “मग वारस किती?”

इथे आमची बोलती बंद.

बाहेरच्या एजंटकडे मात्र शॉर्टकट तयार होता. गाडी विकल्याचे फॉर्म २९ आणि ३० भरायचे, खाली आजोबांची सही. “घरात कुणाला तरी जमत असेल की!” बॉस, सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची सही? याला सरळ मराठीत बनावट सही म्हणतात. मालक हयात नसेल तर रस्ता वेगळा आहे. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. नियमाप्रमाणे हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. कुठला कागद आधी लावायचा, ते खिडकीवरच विचारा.

खरी मजा ना-हरकतीत आली. काका म्हणाले, गाडी आमची दोघा भावांची. पण आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि गाडी त्यांच्या कमाईची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अशा मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच. म्हणजे बडोद्याच्या आत्याची सही हवीच. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. तिकडे आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “सही देते गं. वाटा नकोय मला. पण इतक्या वर्षांत घरातल्या कुठल्या गोष्टीसाठी मला पहिल्यांदाच विचारलंत.” स्पीकर ऑन होता. बाबा आणि काका दोघेही खाली बघत बसले.

आत्याचं प्रतिज्ञापत्र आलं. रजिस्टरातली नोंद सापडली, कॉम्प्युटरवर चढली, चासी नंबरचा पेन्सिलीने ठसा निघाला. मग पुनर्नोंदणी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांची. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीला त्याचं शुल्क १० हजार रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. ‘व्हिंटेज’ म्हणून सुटका होईल का? नाही. त्यासाठी गाडी पन्नाशी ओलांडलेली लागते, शिवाय ती रोज ऑफिसला नेता येत नाही. शेवटी आमची पद्मिनी काकांच्या नावावर झाली.

‘एवढा खटाटोप कशाला, रविवारी एक चक्कर मारायला काय हरकत?’ असं वाटत असेल तर एक केस ऐका. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे अनेक हातांत फिरली, पण कागदावर नाव त्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. आता नाव गेलेल्या माणसाचं असेल तर? विम्याचा क्लेम कुणी करायचा? आणि अपघातात जखमी झालेल्याने कुणाकडे बघायचं? त्याला तुमच्या पद्मिनीप्रेमाचा काय उपयोग?

तेव्हा मंडळी, या वीकेंडला मॉल जरा बाजूला ठेवा. कपाटातली ती प्लॅस्टिकची फाइल काढा. गाडी असो, स्कूटर असो, कागदावर नाव कुणाचं आहे ते बघा. नाव चुकीचं असेल तर आरटीओच्या आधी घरच्यांना फोन लावा, आणि ज्या आत्याला, मावशीला कुणी विचारत नाही, तिला सगळ्यात आधी. हरवलेलं आरसी बुक डुप्लिकेट मिळतं. सही करणारं माणूस मिळत नाही.