सरहद्दीपलीकडचा कारखाना

संपादक महाशयांस,

आपल्या कारखानदारांनी परदेशी औद्योगिक समूहांत शिरणे म्हणजे स्वदेशाचे भांडवल परमुलखाच्या हवाली करणे होय, असा जो निवाडा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मान्य करण्याजोगा नाही. पुण्याच्या भारत फोर्ज या कंपनीने 2004 साली जर्मनीतील एनेपेटाल येथील कार्ल डान पेडिंगहाउस हा कारखाना घेतला, तेव्हा तिच्या पदरी केवळ यंत्रे पडली नाहीत; पिढ्यानुपिढ्या लोखंड घडविणाऱ्या त्या वेस्टफालियन प्रदेशातील कुशल कारागीर आणि तेथील मोटार-उत्पादकांशी असलेला पूर्वापार राबता हेही पडले. पुण्यातील मुंढव्याची तिची भट्टी त्यामुळे विझली नाही!

आम्हां अच्छाडकरांना अशा औद्योगिक समूहाचे माहात्म्य परदेशातून शिकावे लागत नाही. आमच्या गावाजवळची राज्याची सरहद्द ओलांडताच भिलाड, सरीगाम, वापी अशी कारखान्यांची जी रांग लागते, तिच्यात साचे करणारा, रसायन पुरविणारा, खोकी बनविणारा आणि मालवाहतुकीचा दलाल हे सारे हाकेच्या अंतरावर असतात, म्हणूनच तलासरी तालुक्यातील मजूर तिकडे कामाला जातो. राज्याची सीमा ओलांडणे क्षम्य आणि देशाची तेवढी अक्षम्य, हा भेद पत्रलेखकांनी कोणत्या दप्तरातून काढला, न कळे.

त्यांची एक शंका रास्त आहे : छोट्या कारखानदाराला परदेशी कारखाना विकत घेण्याची ऐपत नसते. त्याने आरंभी भाड्याचे गोदाम आणि एक जाणता कारागीर एवढेच तेथे ठेवावे. गिऱ्हाइकाची तक्रार त्याच दिवशी ऐकून घेणारा माणूस, माझ्या मते, इमारतीहून अधिक मोलाचा आहे.

आपला,
एक वाचक
अच्छाड, ता. तलासरी